जॅक धरत नाही, गाडी हळूहळू खाली येते: एकट्याने काम करताना काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

आधी लक्षणं. तुमच्या जॅकचं नेमकं कोणतं आहे ते बघून घ्या, कारण पुढची तपासणी त्यावरच ठरते.

- चाक जमिनीपासून दोन इंच सुटलं होतं, पाना शोधून येईपर्यंत एकच इंच उरलं.
- हँडलचे पहिले पाच-सहा झटके पोकळ जातात, मग कुठे जॅक उचलायला लागतो.
- अर्ध्या उंचीपर्यंत नीट चढतो, पुढे कितीही हँडल मारा, दांडा हलत नाही.
- वर गेल्यावर एकदम बोटभर खाली येतो आणि तिथे थांबतो.
- वजन घेतल्यावर हँडल आपोआप वर उचललं जातं.
- लावताना जॅक सरळ होता, आता एका बाजूला कललाय.
- जॅक ठेवतो तिथे तेलाचा गोल डाग पडतो.

यातली दोन-तीन लक्षणं जॅकच्या बिघाडाची असतीलच असं नाही. ती जमिनीची आणि उताराची असतात. म्हणून जुना जॅक भंगारात टाकून इंदूरच्या सियागंज बाजारात नवा घ्यायला निघण्याआधी दहा मिनिटं द्या. काळ्या मातीवर नवा जॅकही तसाच खाली जाणार आहे.

इथे जॅक म्हणजे तेलाचा, हायड्रोलिक. उभा बाटली जॅक आणि चाकांचा ट्रॉली जॅक, दोन्ही. गाडीसोबत येणारा कात्री जॅक स्क्रूवर चालतो. त्याचं तेल उतरण्याचा प्रश्नच नाही, तो पडतो तो कलंडून. त्यामुळे जमीन आणि उताराचे दोन मुद्दे त्यालाही तंतोतंत लागू. त्याच्या स्क्रूला वर्षातून दोनदा ग्रीस लावा आणि त्याच्याकडून फक्त स्टेपनी बदलण्याचं काम घ्या.

हात लावण्याआधी

जॅक उचलतो, धरून ठेवत नाही. बारीक रबरी रिंगा आणि मोहरीपेक्षा थोडा मोठा छर्रा यांच्या भरवशावर आत तेल कोंडलेलं असतं, आणि त्याच तेलावर गाडी उभी असते. रिंग फाटताना सांगून फाटत नाही. म्हणून गाडीखाली हात, डोकं, खांदा काहीही जाणार असेल तर वजन घोडीवर, म्हणजे लोखंडी जॅक स्टँडवर हवं, जॅकवर नाही. सोबत कोणी असेल तर तो निदान ओरडेल तरी. एकटे असाल तर तेही नाही.

विटांचा ढीग, सिमेंटचा पोकळ ब्लॉक, दगड यांना घोडी म्हणत नाहीत. वीट वजन घेते, घेते आणि एका क्षणी भुगा होते. लाकूड निदान करकरतं, विटेत तेवढीही सूचना नसते. काळजीने काम करणारी माणसंही ही एक चूक करतात, कारण अंगणात वीट हाताशी असते आणि घोडी विकत आणावी लागते.

खालच्या सगळ्या तपासण्या चाक न काढता करायच्या आहेत. टायर जागेवर असेल आणि जमिनीपासून इंच-दीड इंचच सुटलेला असेल, तर जॅक पूर्ण बसला तरी गाडी स्वतःच्या चाकावरच येते.

पट्टी आणि दहा मिनिटं

ही तपासणी फुकट आहे आणि निम्मा निकाल इथेच लागतो. टायर इंचभर सुटेपर्यंत गाडी उचला. स्टीलची सहा इंची पट्टी घ्या आणि दोन मापं वहीत लिहा. पहिलं, बाटली जॅकचा चकचकीत दांडा सिलिंडरच्या वरच्या नटापासून किती बाहेर आहे. दुसरं, गाडीच्या पाट्याची, म्हणजे दाराखालच्या पट्टीची, खालची कड जमिनीपासून किती वर आहे. दुसरं माप जॅकपासून हातभर लांब, जिथे जमीन दबलेली नाही तिथे घ्या. मग बाजूला जा, चहा ठेवा आणि दहा मिनिटांनी दोन्ही मापं पुन्हा घ्या.

दांडा ६० मिमी होता आणि ६०च आहे, पण गाडी ८ मिमी खाली आली, तर जॅक निर्दोष आहे, त्याच्या बुडाखालची जमीन दबतेय. दांडाच ६० वरून ५२ वर आला असेल, तर दोष आतला आहे. एखाद-दुसरा मिमी सोडून द्या. जॅकच्या वाटीवर, म्हणजे गाडीला टेकणाऱ्या टोकावर, ठेवलेलं लाकूड दबतं, गाडीची स्प्रिंग बसते. दोन्ही मापं कमी झाली पण गाडी जास्त उतरली असेल तर दोन्ही दोष एकत्र आहेत. पावसाळ्यात असं सर्रास होतं.

ट्रॉली जॅकचा दांडा बाहेरून दिसत नाही. तिथे वाटीची उंची जॅकच्या स्वतःच्या चौकटीपासून मोजा, जमिनीपासून नाही.

१. जमीन

‘मालव माटी गहन गंभीर’ ही माळव्यातली म्हण मातीचं कौतुक करते, जॅकला त्याचा काही उपयोग नाही. इंदूरच्या आसपासची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसून भेगाळते. पावसाळ्यात ती लोण्यासारखी दबते हे सगळ्यांना कळतं. फसवणूक होते ती एप्रिल-मे महिन्यांत. वरचा पापुद्रा दगडासारखा वाटतो, खाली भेग पोकळ असते आणि जॅकवर वजन आलं की पापुद्र्याचा तुकडाच आत जातो. तोही एका बाजूनेच, म्हणजे जॅक तिरका होऊन.

अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. ब्लॉकखाली तीच माती असेल तर एकटा ब्लॉक वजनाने खाली जातो आणि शेजारचे वर राहतात. जॅक नेमका दोन ब्लॉकच्या सांध्यावर आला तर कलतो. डांबरी रस्ता मेच्या दुपारी मऊ पडतो आणि बाटली जॅकचं बूड त्यात छापासारखं उमटतं. पोर्चमधली गुळगुळीत टाइल दबत नाही, पण तिच्यावरून जॅक सरकतो. आणि खाली भरणा पोकळ असेल तर टाइल तडकते.

उपाय स्वस्त आहे: १८ मिमी प्लायवूडचे दोन तुकडे, प्रत्येकी ३० बाय ३० सेंमी, एकावर एक स्क्रूने जोडलेले. सुताराकडे उरलेल्या कापातून मिळतात. हिशोब असा. छोट्या गाडीचा एक कोपरा उचलताना जॅकवर साधारण ३०० किलो येतात. बाटली जॅकचं बूड १० बाय १० सेंमी धरलं तर दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो पडतात. फळी घातली की तेच वजन ९०० चौरस सेंटिमीटरवर पसरतं, म्हणजे दाब नवव्या हिश्शावर येतो. एवढ्याने ओलसर माती बहुतेक वेळा धरते. चिखल मात्र धरत नाही. तिथे फळीही तिरकी होते, म्हणून गाडी हलवा.

घोडीच्या चार पायांचं क्षेत्रफळ जॅकच्या बुडाहूनही कमी असतं, त्यामुळे मातीत ती जॅकच्या आधी रुतते. तिच्याखालीही अशीच फळी हवी. लोक जॅकखाली फळी घालतात आणि घोडी थेट मातीवर ठेवतात. हे उलटं झालं.

ट्रॉली जॅकची गोष्ट वेगळी. त्याचा हात वर जाताना सरळ न जाता कमानीत जातो, म्हणून वाटी हँडलच्या दिशेने मागे येते. ती गाडीखालची जागा सोडू नये यासाठी जॅकने स्वतःच्या चाकांवर पुढे सरकायला हवं. चाकं मातीत रुतली, दोन टाइलच्या फटीत अडकली किंवा छोट्या फळीच्या कडेला टेकली, तर जॅक सरकत नाही. मग वाटी गाडीखालून घसरते किंवा गाडीच ओढली जाते. म्हणून ट्रॉली जॅकखाली लांब आणि सपाट फळी घाला, निदान ६० बाय ९० सेंमी. आणि उचलताना दर चार-पाच झटक्यांनी वाकून वाटीकडे बघा.

२. उतार आणि हँडब्रेक

जॅक कलत असेल तर बहुतेक वेळा गाडी सरकत असते. इथे बरेच जण एक गोष्ट विसरतात. बहुतांश गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर असतो. मागचं एक चाक उचललं की हँडब्रेक धरून ठेवायला मागे एकच चाक उरतं. तेव्हा गाडी गिअरमध्ये हवी, म्हणजे पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत पुढची दोन्ही चाकं इंजिन धरून ठेवतं.

पुढचं चाक उचलताना नेमकं उलटं. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत एक पुढचं चाक हवेत गेलं की गिअर काही धरत नाही. मधला डिफरन्शियल हवेतल्या चाकाला उलटं फिरू देतो आणि जमिनीवरचं चाक मोकळं राहतं. ऑटोमॅटिक गाडी ‘पी’वर ठेवली असली तरी तेच. तेव्हा सगळी मदार हँडब्रेकवर आणि मागच्या चाकांना लावलेल्या गुटक्यांवर.

गुटके म्हणजे लाकडाचे तिरपे कापलेले तुकडे, किमान १० ते १२ सेंमी उंच. जे चाक उचलायचं त्याच्या तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढून आणि मागून, दोन्हीकडून ठोकून बसवा. अर्धी वीट लावली तर टायर तिच्यावरून चढतो किंवा तिला फोडतो.

उतार किती चालेल? जमिनीवर पाण्याची बाटली आडवी ठेवा. ती स्वतःहून गडगडायला लागली तर त्या जागी गाडी उचलू नका. लेव्हल बघायला यापेक्षा महागडं काही लागत नाही.

३. रिलीज स्क्रू

आतला दोष ठरला की पहिला संशय यावर. बाटली जॅकच्या बुडाशी असतो तो. हँडलच्या खाचेने घड्याळाच्या दिशेने फिरवला की बंद होतो. अर्धवट बंद असेल तर जॅक उचलतो, पण हळूहळू तेल परत सोडतो. ट्रॉली जॅकमध्ये हँडलच फिरवायचं असतं, आणि काम करताना हँडलला धक्का लागून ते किंचित उघडतं. उचलून झाल्यावर ट्रॉली जॅकचं हँडल काढून ठेवता येत असेल तर काढून ठेवा.

घट्ट म्हणजे हाताने घट्ट. पाइप घालून आवळू नका. खाली छर्रा एका बारीक गोल कडेवर बसतो. जास्त जोर दिला की ती कड चिरडते, आणि मग कितीही आवळा, जॅक धरत नाही. पाइप लावून आवळलेले जॅक याच कारणाने दुरुस्तीला येतात.

स्क्रू नीट बंद असूनही उतरतोय? छर्र्याखाली कचरा असू शकतो. गाडी खाली घ्या आणि जॅक मोकळा करा. स्क्रू दोन फेरे उघडा, दांडा हाताने पूर्ण आत दाबा, मग हँडल भरभर १५ वेळा मारा. तेल जोरात फिरतं आणि कचरा वाहून जातो. स्क्रू बंद करा आणि पट्टीची तपासणी पुन्हा करा. बऱ्याचदा काम इथेच मिटतं, एक रुपया न लागता.

४. वजन

जॅकवर लिहिलेले टन तपासा. दोन टनी जॅक छोट्या गाडीचा कोपरा सहज उचलतो. सामानाने भरलेली मोठी गाडी किंवा पिकअप उचलायला गेलात तर हँडल जड होतं आणि मग एकदम हलकं पडतं. आतला जादा वजनाचा व्हॉल्व्ह उघडून तेल परत सोडतो, म्हणून तसं होतं. हा बिघाड नाही, तुमचा बचाव आहे. त्या व्हॉल्व्हचा स्क्रू आवळून जॅक ‘ताकदवान’ करून देणारे भेटतात. त्यांच्याकडून जॅक परत घेऊन या.

५. तेल आणि हवा

अर्ध्या उंचीवर थांबणारा जॅक म्हणजे तेल कमी. पोकळ झटके किंवा बोटभर खाली येऊन थांबणं म्हणजे आत हवा. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही, एवढाच फरक. आणि हवा शिरण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बाटली जॅक डिकीत आडवा टाकणं. वर रबरी बूच असतं, त्यातून तेल झिरपतं आणि पंपात हवा जाते. उभा ठेवा, पट्ट्याने बांधा.

तेल भरताना जॅक सपाट जागी उभा ठेवा. दांडा पूर्ण आत घ्या. सिलिंडरच्या पाठीवरचं रबरी बूच काढा, आधी त्याच्या भोवतीची माती फडक्याने पुसून. तेलाची पातळी भोकाच्या खालच्या कडेला आली पाहिजे. त्याच्या वर भरू नका. वर थोडी मोकळी जागा नसेल तर दांडा पूर्ण परत जात नाही आणि बूच उडतं. मग रिलीज स्क्रू उघडा, बूच सैल ठेवून हँडल १०-१५ वेळा मारा, बुडबुडे निघू द्या, पातळी पुन्हा बघा, बूच लावा. एकदा जमलं नाही तर दोनदा करा.

तेल ३२ नंबरचं हायड्रोलिक किंवा ‘जॅक ऑइल’ म्हणून मिळणारं. दोन टनी बाटली जॅकला पाव लिटरही लागत नाही, त्यामुळे अर्धा लिटरची बाटली बरीच वर्षं पुरते. ब्रेक ऑइल अजिबात घालू नका. ते ग्लायकॉलचं असतं आणि जॅकमधल्या नेहमीच्या नायट्राइल रबरी रिंगांना फुगवतं. जॅक आठवडाभर छान चालतो आणि मग सगळ्या रिंगा एकदम जातात. इंजिन ऑइलने अडलेलं काम निघतं, पण थंडीत ते जाड पडतं आणि जॅक सावकाश उतरतो. रॉकेल मिसळलेलं जुनं तेल उन्हाळ्यात इतकं पातळ होतं की चांगल्या छर्र्यातूनही झिरपतं.

काढलेलं तेल गटारात किंवा मातीत ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, तो त्याच्या जुन्या तेलाच्या पिंपात घेतो. सलग इतकी वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर मिळवणाऱ्या शहरात एवढी लाज राखायला हरकत नाही.

६. गळती कुठून?

जॅक कापडाने कोरडा पुसा, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरा, खाली वर्तमानपत्र घाला आणि रात्रभर ठेवा. सकाळी पावडर जिथे ओली, तिथे गळती.

दांड्याभोवती ओलं असेल तर वरचं सील गेलंय. पंपाच्या बारीक दट्ट्याजवळ ओलं असेल तर तिथली ओ-रिंग. रिलीज स्क्रूच्या भोवती असेल तर त्याची रिंग, आणि ती बदलणं सगळ्यात सोपं. बुडाच्या जोडावर ओलं असेल तर घरी काही करू नका.

बाहेर सगळं कोरडं आणि तरी जॅक उतरतो, तेव्हा हँडलकडे बघा. वजनाखाली हँडल आपोआप वर येत असेल, तर पंपाच्या बाहेरच्या तोंडावरचा छर्रा गळतोय, तेल उलटं पंपात येतंय. हँडल शांत आहे आणि दांडा उतरतोय, तर रिलीज छर्रा किंवा दांड्याच्या बुडचा कप सील. हा फरक आधी करून घेतला तर उगाच सगळा जॅक उघडावा लागत नाही.

दांड्यावर नख फिरवून बघा. नख अडकत असेल इतका खोल गंज किंवा चर असेल तर नवं सील टाकून उपयोग नाही, पुन्हा कापलं जाईल. जॅक दांडा आत घेऊनच ठेवायचा तो यासाठीच. बाहेर राहिलेल्या भागावर पावसाळ्यात गंज चढतो.

७. छर्रा आणि रिंग बदलणं

घरी इथपर्यंतच. जॅक मोकळा, दांडा आत, तेल ट्रेमध्ये काढलेलं. ट्रेखाली पांढरं कापड अंथरा. रिलीज स्क्रू पूर्ण काढा. छर्रा सोबत येतो किंवा आत राहतो, तेव्हा चुंबक लावलेल्या काडीने काढा. तो खाली पडला आणि गवतात गेला की दिवस संपला, म्हणून कापड.

छर्रा उजेडात फिरवून बघा. त्यावर बारीक गोल रेघ उमटली असेल किंवा डाग असेल तर नवा घाला, त्याच मापाचा. माप व्हर्नियरने घ्या, अंदाजाने नाही. जुना छर्रा आणि जुनी ओ-रिंग सोबत घेऊनच दुकानात जा. छोट्या ग्वाल्टोलीत सुटे भाग विकणाऱ्यांना मॉडेलचं नाव सांगून उपयोग होत नाही, नमुना दाखवला की रिंग लगेच मिळते. नवी रिंग बसवताना तेलाचं बोट फिरवा. कोरडी रिंग आट्यांवरून नेली की कापली जाते, आणि दोष तोच राहतो.

छर्र्याची बैठक फडक्याने आणि डिझेलच्या थेंबाने पुसा. पॉलिश पेपर घालू नका, त्याचे कण आतच राहतात. बंद करा, तेल भरा, हवा काढा आणि पट्टीची तपासणी करा. दहा मिनिटांत २ मिमीपेक्षा जास्त उतरला तर पुढे जाऊ नका.

इथे थांबा

वरचा मोठा नट उघडून कप सील बदलायला वाइस, मोठा पाना आणि अनुभव लागतो. ते काम हायड्रोलिक दुरुस्तीवाल्याकडे द्या. सांवेर रोडच्या औद्योगिक भागात असे लोक मिळतात. साध्या दोन टनी जॅकला ते ‘नवा घ्या, परवडेल’ म्हणाले तर बहुधा खरंच सांगत असतात.

पुढचं काही दिसलं तर दुरुस्ती नको, जॅक बाद: दांडा वाकलेला, बुडाला किंवा वेल्डिंगला तडा, वाटी सैल, ट्रॉली जॅकच्या हाताची पिन झिजून खेळणारी. भंगारवाल्याला देतानाही दांडा कापून किंवा हँडलची खाच ठोकून बंद करून द्या, नाहीतर तो दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीखाली जाईल.

आणि दोष गाडीत असेल तर जॅक दुरुस्त करून काय होणार? उचलायच्या जागेचा पत्रा गंजून आत दुमडला असेल, तर गाडी उचलूच नका, मेकॅनिकला बोलवा. बायपासवर गाडीचं रस्त्याकडचं चाक बसलं असेल तरी तेच. वाहत्या गाड्यांना पाठ करून बसण्याची ती जागा नाही. गाडी हळू चालवत कडेला न्या, टायर फाटला तरी चालेल. मागे निदान ५० मीटरवर त्रिकोण ठेवा आणि कठड्यापलीकडे उभे राहा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, जखम झाली असेल तर १०८.

एकट्याने काम करताना जवळ काय हवं

तीन टनी घोड्यांची जोडी, आणि ते तीन टन एका घोडीचे की जोडीचे, हे वाचून घ्या. घोडी बसवली की जॅक थोडा खाली घ्या, वजन घोडीवर येऊ द्या, पण जॅक नुसता टेकून राहू द्या. मग चाकाला बाजूने खांद्याने ढकला. काही हललं, खडखडलं, तर आत्ता कळलेलं बरं. घोडीची खाच पूर्ण बसली आहे हे डोळ्यांनी बघा, ‘टक’ आवाजावर भरवसा नको.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करा. हवेतल्या गाडीला पान्याने हिसका देणं म्हणजे जॅक पाडण्याची सगळ्यात सोपी रीत. क्रॉस पाना हवा, म्हणजे दोन्ही हातांचा जोर सारखा लागतो. परत बसवताना गाडी खाली घेऊन टॉर्क पान्याने घट्ट करा. छोट्या गाड्यांना साधारण ८० ते ११० न्यूटन मीटर असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत आहे.

काढलेलं चाक बाजूला उभं करून ठेवू नका. ते आडवं करून गाडीच्या पाट्याखाली सरकवा. जॅक आणि घोडी दोन्ही गेले तरी मधे टायरची जाडी उरते.

डोक्याला लावायचा दिवा, डोळ्यांना चष्मा, पायात बंद बूट. अंगठी, घड्याळ, गळ्यातला गमछा काढून ठेवा. फोन शर्टाच्या खिशात, डॅशबोर्डवर नाही. गाडीखाली अडकलेल्या माणसाचा हात डॅशबोर्डपर्यंत जात नाही. शिट्टी गळ्यात न घालता मनगटाला बांधा. घरातल्या कोणाला तरी सांगा: ‘अर्ध्या तासाने फोन कर, उचलला नाही तर खाली ये.’ लहान मुलं आणि कुत्रा फाटकाबाहेर.

जॅक आत्ताच उतरतोय, तेव्हा

गाडी वर, चाक निघालेलं आणि दांडा डोळ्यांदेखत आत जातोय. गाडी धरू नका, कोणालाच ती धरता येत नाही. हात बाहेर, पाय बाहेर, दोन पावलं मागे. पाट्याखाली चाक सरकवलेलं असेल तर गाडी त्यावर येऊन थांबेल. हँडल मारून वर घेण्याचा प्रयत्न लांबून, हाताच्या अंतरावरून करता येत असेल तरच आणि एकदाच. मग दुसरा जॅक आणा, शेजारच्या घरातून, गॅरेजमधून, कुठूनही. तो मूळ जॅकच्या शेजारी, फळीवर लावा आणि वजन त्याच्यावर घेऊन पहिला बाहेर काढा. दोन जॅक एकमेकांवर ठेवून उंची मिळवू नका.